पुढच्या पंधरवड्याचं बोला

जबलपुरात कोणी कोणाला नाही म्हणत नाही. शिंप्याला विचारा, लग्नाच्या आधी ब्लाउज शिवून होतील का. तो म्हणणार, हो जाएगा. गवंड्याला विचारा, दिवाळीच्या आत गच्ची होईल का, हो जाएगा. होणार नाही याची पुरती खात्री असलेला माणूसही तोंडावर तसं सांगत नाही, कारण समोरच्याला वाईट वाटेल. आणि समोरच्यालाही हे ठाऊक असल्यामुळे तोसुद्धा फारसं मनाला लावून घेत नाही. असं आमचं गोड गाव. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी अमरावतीकडून इथे आले तेव्हापासून आम्ही वानखेडेही या गोडव्यात मुरलेलो आहोत. अशा गावात शैलजा इंगळे नावाची एक बाई लोकांना वेळेवर खरं बोलायला शिकवून पोट भरत होती.

पोट भरत होती हे मी आपलं म्हणतो. पोटाला त्यांची पेन्शन होतीच. एका सरकारी कारखान्याच्या नियोजन खात्यातून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि हा उद्योग हौसेने करायच्या. एखादी कंपनी, एखादा ट्रस्ट, एकदा तर एका शाळेची भांडकुदळ कार्यकारिणी, अशांना त्या कामाच्या जुन्या रीतीतून नव्या रीतीत आणायच्या. जुनी रीत आपण सगळे जाणतो. आधी वर्ष-दीड वर्षाचा आराखडा काढायचा, त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, मग दारं बंद करून काम करायचं आणि शेवटी सगळं एकदम गिऱ्हाइकाच्या पदरात टाकायचं. ते त्याच्या उपयोगाचं आहे की नाही, ते तेव्हा कळायचं. नव्या रीतीत थोडंसंच करायचं, जो वापरणार त्याला लगेच दाखवायचं, तो काय म्हणतो ते ऐकायचं आणि मग पुढचं थोडं हातात घ्यायचं. याला अ‍ॅजाइल म्हणतात आणि त्याची मोठ्या हॉटेलांत शिबिरं होतात. आम्ही सगळे शैलजाबाईंना दीदी म्हणायचो. दीदी मात्र तो शब्द कधी उच्चारत नसत. कोणी फार लांबच्या गोष्टी सांगायला लागलं की म्हणायच्या, “ते राहू द्या जी. पुढच्या पंधरवड्याचं बोला.”

आमच्या ऑफिसात त्या आल्या तेव्हा आमचं घर जळायला लागलेलं होतं. सिविल लाइंसमधल्या एका भाड्याच्या बंगल्यात आमची कंपनी. दवाखाने, शाळा, संस्था यांच्यासाठी कॉम्प्युटरवरच्या व्यवस्था तयार करायची. मालक तिवारीजी जबलपूरचे आणि त्यांचे भागीदार पुण्याचे. पुण्याचं ऑफिस वेगळं. आम्ही ओळीने दोन मोठी कामं उशिरा दिली होती आणि दिल्यावर ती कोणी वापरली नव्हती; त्यांतलं एक खेड्यांतले दवाखाने चालवणाऱ्या एका ट्रस्टचं होतं. पुण्याने सांगून टाकलं की त्याच ट्रस्टचं नवं काम हातात आहे, तेही असंच गेलं तर जबलपूरचं ऑफिस बंद. ज्यांना नोकरी हवी त्यांनी पुण्याला यावं.

मी प्रोजेक्ट मॅनेजर होतो, पण निवृत्तीला आलो होतो. माझं काय, मी नर्मदेकाठी फिरायला गेलो असतो. खरा प्रश्न पोरापोरींचा होता. त्यात नेहा खेर. तिचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इथे आलेले, म्हणजे आमच्यापेक्षा जुने जबलपूरकर. तिला मराठी सगळी समजायची, बोलताना मात्र दर वाक्याला हिंदीचा टेकू लागायचा. कामात अतिशय हुशार. वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, घरात दुसरं कोणी नाही. ती पुण्याला जाऊ शकत नव्हती आणि तिच्या योग्यतेचं काम जबलपुरात दुसरीकडे नव्हतं. ऑफिस बंद म्हणजे नेहा घरी. हे सगळ्यांना माहीत होतं आणि अर्थातच कोणी बोलत नव्हतं.

दीदी आल्या त्या सुती साडीत आणि पायात पांढरे खेळाचे बूट घालून. बुटांकडे सगळे बघायला लागले तेव्हा त्यांनी सांगितलं की दिवसभर उभं राहायचं असतं, चपला टिकत नाहीत. पहिलाच नियम त्यांनी उभं राहण्याचा घातला. रोज सकाळी सगळ्यांनी उभ्याउभ्या पंधरा मिनिटं भेटायचं आणि प्रत्येकाने काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलं एवढंच सांगायचं. पाय दुखायला लागले की माणूस थोडक्यात बोलतो, हे त्यामागचं शास्त्र.

आता साठी ओलांडलेली बाई उभी आहे आणि आपण नुसते बघतो आहोत, हे जबलपूरकराला कसं सोसवणार? पहिल्याच सकाळी आमचे चपराशी धावत जाऊन खुर्ची घेऊन आले. दीदी बसल्यावर तिवारीजींना उभं ठेवणं बरं दिसेना, म्हणून दुसरी खुर्ची आली. मग वयाने मोठे म्हणून मला. दोन-तीन दिवसांत खुर्च्यांचा गोल झाला, मध्ये टेबल आलं, टेबलावर खोव्याची जलेबी आली आणि पंधरा मिनिटांची उभी भेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसून चालायला लागली. तिवारीजी फार खूश होते. त्यांनी फाटकावर एक फ्लेक्स लावला. त्यात हात जोडलेला त्यांचा स्वतःचा फोटो आणि खाली ‘अ‍ॅजाइल में आपका हार्दिक स्वागत है’.

दीदींनी जलेबी खाल्ली. मागून घेऊन खाल्ली, कारण खाण्याच्या बाबतीत त्यांनी कधी नाटक केलं नाही. बैठकीत मात्र त्या काही बोलल्या नाहीत. ऐकत राहिल्या. प्रत्येक जण तिवारीजींकडे तोंड करून, ज्येष्ठतेच्या क्रमाने, ‘सब बढ़िया है सर’ म्हणायचा. नेहासुद्धा म्हणायची. सगळंच बढ़िया होतं आणि काम काडीइतकं पुढे सरकत नव्हतं.

आठवड्याने आम्ही आलो तर सगळ्या खुर्च्या कोठीच्या खोलीत आणि किल्ली दीदींच्या पर्समध्ये. सगळे अवघडून उभे राहिले. दीदींनी क्रम उलटा केला आणि तिवारीजींनाच पहिल्यांदा विचारलं, “आप बताइए, आपका कहाँ अटका है?”

तिवारीजी हसले. आमचं काय अडणार, आम्ही तर मालक, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. दीदी बघत राहिल्या. गप्प राहणं हे त्यांचं मुख्य हत्यार होतं. आपण सगळे शांततेला घाबरतो आणि काहीबाही बोलून ती बुजवतो. त्या ती तशीच राहू द्यायच्या, अगदी कंटाळा न येता. तिवारीजींनी घसा साफ केला, कूलरकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं की ट्रस्टच्या संचालकांकडून औषधांची नावं यायची आहेत, पण त्यांना फोन केला की ते जुन्या उशिराचा विषय काढतील, म्हणून फोन केलेला नाही. हे ऐकून नेहाच्या तोंडून निघून गेलं, “सर, मेरा भी वहीं अटका है.” ती त्या नावांसाठीच थांबली होती आणि रोज सब बढ़िया म्हणत होती. तिवारीजींनी तिथेच उभ्याउभ्या फोन लावला. संचालक थोडे ओरडले आणि संध्याकाळी नावं आली.

नंतर जिन्यात मी दीदींना म्हटलं, मालकाला सगळ्यांसमोर असं उघडं पाडायला नको होतं. “उघडं कुठं पाडलं जी? मालकानं अडलं म्हटलं नं, का मग बाकीच्यांची जीभ सुटते. त्याच्याआधी नाही सुटत. तुम्हीच सांगा, तुमची सुटली होती का?” मी विषय बदलला.

मग आलं ते दोरीचं प्रकरण. कोणतं काम करायचं आहे, कोणतं चालू आहे आणि कोणतं झालं, हे सगळ्यांना दिसावं म्हणून भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायची पद्धत असते. पुण्यामुंबईच्या थंड ऑफिसांत ती चालत असेल. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर चालतो आणि त्याच्या ओल्या वाऱ्याने चिठ्ठ्या भिंत सोडतात. एक महत्त्वाचं काम तिवारीजींच्या दह्याच्या वाटीत सापडलं. दुसऱ्या दिवशी दीदींनी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधली आणि चिठ्ठ्यांना चिमटे लावले. दोरीचे तीन भाग. मधला भाग चालू कामांचा, आणि तिथे त्यांनी मोजकेच चिमटे ठेवले. चिमटा मोकळा नसेल तर नवीन काम हातात घ्यायचं नाही. तव्यावर एका वेळी मावते तेवढीच पोळी टाकायची, असं त्या म्हणायच्या.

तिवारीजींना दोरी अजिबात आवडली नाही. पाहुणे येतील, त्यांना वाटेल इथे बिऱ्हाड आहे. शिवाय कोणाला नवीन काम नाकारायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी गोलबाजारातून चिमट्यांचं एक आख्खं पाकीट आणलं आणि मधल्या भागात गुपचूप लावून टाकलं. दीदींनी पाहिलं, त्यांचे मनापासून आभार मानले आणि संध्याकाळी ते सगळे चिमटे आपल्या घरी नेले. घरचे जुने झाले होते, म्हणाल्या.

पहिल्या पंधरवड्यात करायला त्यांनी इतकी लहान गोष्ट निवडली की मला लाज वाटली. ट्रस्टच्या कुंडम गावातल्या एकाच दवाखान्यासाठी, फोनवर बोट ठेवलं की कोणतं औषध संपत आलंय ते दिसेल. बस. बाकी हिशेब, अहवाल, रंगीत आलेख, सगळं नंतर. मी म्हटलं, दीदी, एवढंसं घेऊन जायचं? त्या म्हणाल्या, एवढंसं आहे म्हणूनच चुकलं तं लवकर समजेल.

कुंडमला जाताना जीपमध्ये त्यांनी आम्हाला आपली गोष्ट सांगितली. नोकरीत त्यांच्या हातच्या बार चार्टांचं मोठं नाव होतं. कोणतं काम कधी सुरू, कधी संपणार, हे पट्ट्यापट्ट्यांनी दाखवणारे ते चार्ट त्या इतके सुबक काढायच्या की दुसऱ्या खात्यांचे लोक बघायला यायचे. कारखान्यात एक नवी शेड बांधायची होती. तिचा चार्ट व्हरांड्याच्या भिंतीभर पसरला होता आणि त्यावरच्या सगळ्या पट्ट्या वेळेवर रंगत गेल्या. दिल्लीहून मोठे साहेब आले. त्यांनी चार्टसमोर दीदींबरोबर फोटो काढून घेतला आणि म्हणाले, चला, शेड बघू. शेडला छप्पर नव्हतं. चार्टवर ते केव्हाच चढलं होतं.

हे सांगताना त्या स्वतःच इतक्या हसल्या की ड्रायव्हरही हसायला लागला. मग त्यांनी चष्मा पुसला. “कोणाचा काही डाव नव्हता, वानखेडेजी. सगळ्यांना ठाऊक होतं, पण माझ्या चार्टवर रेघ मारायला कोणाचा हात उठेना. मला वाईट वाटेल म्हणून. मी इतकं सुंदर करून ठेवलं होतं का लोकांना माझ्याजवळ खरं बोलता येईना.” त्यानंतर कुंडमपर्यंत त्या बाहेरच्या जंगलाकडे बघत बसल्या.

कुंडमला आमच्यासाठी मंडप होता. खरंच मंडप. ट्रस्टच्या लोकांना कळलं होतं की जबलपूरहून काहीतरी दाखवायला येतायत, म्हणून दीप, हार, माइक, सगळी तयारी. आमच्या तिवारीजींनी शाल आणि नारळ आणलेच होते. दोन्ही बाजूंनी सत्कार झाले, भाषणं झाली, आणि ज्या कामासाठी आलो ते बाजूलाच राहिलं. मध्येच माझं लक्ष गेलं तर दीदी आणि नेहा मंचावर नव्हत्या. त्या मागच्या औषधांच्या खोलीत दवाखान्याच्या सिस्टरजवळ उभ्या होत्या. मी तिथे गेलो.

सिस्टरने फोनवर बोट ठेवलं. स्क्रीनवरचा गोल फिरायला लागला. फिरतच राहिला. कुंडमच्या त्या खोलीत नेटवर्क यायचं ते खिडकीच्या एका कोपऱ्यात, तेही मनात आलं तर. ऑफिसात बसून हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सिस्टर खिडकीशी गेली, हात उंच धरला, बऱ्याच वेळाने नावं दिसली. तिने नेहाकडे पाहिलं. नेहाचा चेहरा उतरलेला होता. सिस्टर चांगल्या घरची होती. म्हणाली, बहुत अच्छा बना है.

नेहाला हायसं वाटलं. तिवारीजी तोवर दारात आले होते, त्यांनाही वाटलं. दीदींनी सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “कल सुबह बाहर मरीज़ खड़े होंगे, तब इसे खोलेंगी आप?”

पुन्हा ती त्यांची शांतता. सिस्टरने फोन खाली ठेवला. “नहीं दीदी. नहीं खोलूँगी. टाइम कहाँ है.”

नेहाच्या डोळ्यांत पाणी आलं. दीदींचा चेहरा मात्र असा उजळला की जणू लेकीचा निकाल लागला. त्यांनी आपल्या गळ्यातला सत्काराचा हार काढला आणि सिस्टरच्या गळ्यात घातला. आजच्या दिवसातलं खरं काम हिने केलं, म्हणाल्या. सिस्टर गोंधळली. परतीच्या वाटेवर त्यांनी रडवेल्या नेहाला जवळ बसवून घेतलं आणि समजावलं की हे दीड वर्षाने कळलं असतं तर आपण बुडालो असतो. आज कळलं, तर एक पंधरवडा गेला. दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा कुंडमला गेलो, मंडपाशिवाय. आता ते नेटवर्क नसतानाही चालत होतं. रेंज मिळाली की आपोआप पुढे पाठवत होतं. सिस्टर सकाळी कामावर आली की आधी तेच उघडायला लागली.

एवढं झाल्यावर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण ट्रस्टचे संचालक चौबेजी हे जुने सरकारी अधिकारी. त्यांनी निरोप धाडला की सगळ्या दवाखान्यांचा वर्षभराचा, तारीखवार आराखडा उद्याच्या बैठकीत टेबलावर हवा. नाही तर काम थांबवू. आणि काम थांबलं की पुणे काय करणार, ते ठरलेलंच होतं.

त्या संध्याकाळी तिवारीजींनी दीदींना आणि मला आपल्या खोलीत बोलावलं. त्यांना दीदींच्या चार्टांची कीर्ती माहीत होती. त्यांनी हात जोडले, आणि या वेळी ते फ्लेक्सवरचे हात नव्हते. एक चार्ट काढून द्या, म्हणाले. बस एकच. चौबेजी भिंतीवर लावतील आणि विसरतील. आपण आपलं काम आपल्या रीतीने करत राहू. कोणाचं काय बिघडणार आहे? मला ते शंभर टक्के पटलं.

“बना दूँगी तो बहुत सुंदर बनेगा, तिवारीजी,” दीदी म्हणाल्या. “और झूठा बनेगा. फिर ये बच्चे साल भर उस झूठ को सच दिखाने में लगे रहेंगे. मैं नहीं बनाऊँगी.”

मला त्यांचा राग आला. खरं सांगतो, फार राग आला. यांचं तत्त्व राहील आणि त्या पोरीची नोकरी जाईल. बाहेर आलो तर दीदी व्हरांड्याच्या पायरीवर बसलेल्या. ऑफिसात मी त्यांना आपणहून बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, “भेव वाटून राहिलं जी मला. उद्या हे लेकरं घरी बसले तं माझ्यामुळं बसतील.” मी म्हटलं, मग काढा ना चार्ट, अजून वेळ आहे. त्यांनी नाही अशी मान हलवली आणि तिथेच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी चौबेजी आले. पाणी प्यायले, दोरीकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं आणि विचारलं, वर्षभराचा नकाशा कुठे आहे? दीदींनी सांगितलं, नाही. पुढच्या पंधरवड्यात दुसऱ्या एका दवाखान्यात कुंडमसारखं चालू करू, तुम्ही येऊन बघा, पटलं तर पुढचं सांगा, नाही पटलं तर तिथेच थांबवा. चौबेजींचा आवाज चढला. मी माझ्या विश्वस्तांना काय दाखवू, ही दोरी? तिवारीजी काहीतरी गोड बोलायला पुढे सरसावले होते. ते ‘हो जाएगा’ म्हणणार, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

त्यांच्याआधी नेहा बोलली. “सर, पिछली बार हमने आपको पूरे साल का नक्शा दिया था. सब तारीख़ें थीं उसमें. वो चीज़ आपके एक भी दवाख़ाने में नहीं चली.”

तिवारीजींनी डोळे मिटले. मी दीदींकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या, हातांची बोटं एकमेकांत घट्ट धरलेली. चौबेजींनी खिशातून फोन काढला, स्पीकर चालू केला आणि थेट कुंडमच्या सिस्टरला लावला. सिस्टर त्यांच्याशी सुरुवातीला घाबरत बोलली, मग हळूहळू मोकळी झाली. अक्षरं बारीक आहेत, सलाइनच्या बाटल्या त्यात दिसत नाहीत, एका औषधाचं नाव दोनदा येतं. तक्रारींमागून तक्रारी. आमचे चेहरे पडत चालले. चौबेजींनी फोन ठेवला आणि म्हणाले, “शिकायत कर रही है. मतलब चला रही है.” मागच्या कामाबद्दल त्यांच्याकडे एकही तक्रार आली नव्हती, कारण ते कोणी उघडलंच नव्हतं, हे त्यांना बोलता बोलता स्वतःच उमगलं. पंधरा दिवसांनी येतो, म्हणाले, आणि पंधरा दिवसांनी खरंच आले.

पुढे एकेक करत ट्रस्टचे दवाखाने जोडले गेले. बंद करायची भाषा पुण्याने आधी हळू केली, मग सोडली. त्या काळात दीदी आपली एकेक गाठ हळूहळू सैल करत गेल्या. रोज यायच्या त्या आठवड्यातून एकदा यायला लागल्या, मग बोलावलं तर. एकदा सकाळी त्या उशिरा पोचल्या, तोवर उभी भेट होऊन सगळे कामाला लागलेले, आणि कोणी त्यांची वाटही पाहिली नव्हती. मला वाटलं त्यांना लागेल. पण त्या दिवशी त्या इतक्या खुशीत होत्या की सगळ्यांना समोसे आणवले. सत्कार करायचं आम्ही सुचवलं तेव्हा त्यांना नेमकी त्याच दिवशी नरसिंहपूरला जायची निकड निघाली.

आता शेवटचं. मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या ऑफिसची माणसं जबलपूरला आली. बंद करायला नाही, शिकायला. माझ्या हयातीत पुण्याहून कोणी जबलपूरला काही शिकायला आलेलं मी पाहिलं नव्हतं. मी नवा शर्ट घातला. तिवारीजींनी दोरी काढून ठेवायचं नावसुद्धा काढलं नाही, उलट पाहुण्यांना तीच आधी दाखवली. दीदींनाही बोलावलं होतं. त्या येऊन सगळ्यांच्या मागे, दाराजवळ उभ्या राहिल्या. कोणाला कळलंही नाही त्या कोण.

बोलायला नेहा उभी राहिली. समोर पुण्याची स्वच्छ, इस्त्रीची मराठी बोलणारी मंडळी आणि ही आमची मोडकीतोडकी. पण तिने हिंदीत बोलायचं नाकारलं होतं. “आमच्यात पहिले सब लोग सब बढ़िया आहे असं म्हणत होते,” तिने सुरुवात केली आणि हॉल हसला. मग ती कुंडमचं सांगत गेली, फिरत राहिलेला गोल, सिस्टरचं उत्तर, आपलं रडणंसुद्धा. कुठे शब्द अडला की हिंदी लावायची आणि पुढे जायची. शेवटी एका पाहुण्याने विचारलं की हे सगळं तुम्हाला शिकवलं कोणी, त्यांना आम्हालाही पुण्याला न्यायचंय.

नेहाची नजर दाराकडे गेली. दीदींनी किंचित मान हलवली, नको.

“शिकवणारे मिळतात,” ती म्हणाली. “पण आधी आम्ही चुकलो आणि मग आम्हीच शिकलो. तुम्ही पण चुकाल. फक्त लवकर चुका, आणि एकमेकांना सांगून टाका.”

टाळ्या वाजल्या तेव्हा दारात कोणी नव्हतं. मी खाली गेलो. दीदी फाटकाजवळ आपली स्कूटी काढत होत्या. मी म्हटलं, दीदी, पोरीनं तुमचं नाव घ्यायला हवं होतं. “काहून?” त्या म्हणाल्या. “नाव घेतलं असतं तं त्यांनी मला नेलं असतं, आणि मला नेऊन काही होत नाही. तिचं ऐकलं नं त्यांनी? मग.”

वरच्या खिडकीतून कोणीतरी पुढचा प्रश्न विचारलेला ऐकू आला आणि नेहा उत्तर द्यायला लागली. दीदींनी हेल्मेट घातलं, किल्ली फिरवली आणि पुन्हा बंद केली. हेल्मेट काढून आरशावर अडकवलं. मला त्यांच्याजवळ थांबायचा धीर झाला नाही, मी दोन पावलं मागे सरकलो. नेहाचं बोलून होईपर्यंत दीदी त्या खिडकीखाली, स्कूटीच्या सीटवर हात ठेवून, वर न बघता उभ्या राहिल्या.